वेळापत्रकाला किती टक्के द्यायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी अमेरिकेत ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात शिकते आणि तिच्या नादाने तुम्हीही नागपुरात बसून तिकडचं अमेरिकन पद्धतीचं कॉलेज फुटबॉल बघायला लागलात. २०२४ च्या नियमित हंगामात इंडियानाचा संघ ११ सामने जिंकला, एकच हरला. तरी टीव्हीवरची मंडळी ‘त्यांचं शेड्यूलच सोपं होतं’ म्हणून नाकं मुरडत होती. आणि तीन सामने हरलेल्या अलाबामाला बारा संघांच्या प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत) घ्यायला हवं होतं, असं त्यातलेच काही जण तावातावाने सांगत होते. म्हणून तुम्ही विचारलंत, की क्रमवारी लावताना वेळापत्रकाच्या कठीणपणाला नेमके किती टक्के द्यावेत.

माझं उत्तर: वेगळे असे शून्य टक्के. हे ऐकून वेळापत्रक मोजूच नये असं मी म्हणतोय असं वाटेल, पण म्हणणं नेमकं उलटं आहे. वेळापत्रक प्रत्येक विजयात आणि प्रत्येक पराभवात आधीच मुरलेलं असायला हवं. ते बाहेर काढून त्याचा वेगळा रकाना केला, की एकतर ते दोनदा मोजलं जातं नाहीतर चुकीचं मोजलं जातं. तराजूचा पासंग असतो ना, तसं आहे हे. पासंगाला भाव लावायचा नसतो, पण तो काढल्याशिवाय वजन खरं येत नाही.

मी पोटापाण्यासाठी विमा क्षेत्रात आकडेमोड करतो आणि हौसेपायी वीसेक वर्षं या संघांची स्वतःची क्रमवारी काढतो. हंगामात दर रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन शनिवारचे निकाल भरायचे, प्रोग्रॅम चालवायचा आणि मग मित्रांच्या शिव्या खायच्या, असा शिरस्ता आहे. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात बराचसा भाग स्वतः ठेचा खाऊन शिकलेला आहे.

आधी अडचण काय आहे ते बघू. २०२४ मध्ये वरच्या विभागात १३४ संघ होते आणि प्रत्येकाचे नियमित हंगामात साधारण बारा सामने. १३४ संघांच्या जोड्या होतात ८,९११. प्रत्यक्षात आपसातले सामने आठशेच्याही आत. म्हणजे दहातल्या नऊ जोड्या एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. त्यातून बहुतेक सामने आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे संघांच्या ठरलेल्या गटात, घरच्या घरीच. रणजीच्या प्लेट गटातलं द्विशतक आणि एलिट गटातलं द्विशतक शेजारी ठेवून निवड करायची, तसा हा प्रकार, फक्त गट दोनच्या जागी दहा. नुसता ‘११ विजय, १ पराभव’ हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, हे टीव्हीवाल्यांचं म्हणणं त्यामुळे बरोबरच आहे. उरलेली अर्धी गोष्ट ते ज्या रीतीने सांगतात तिथे गडबड होते.

टक्के देऊन बघण्याचा प्रयोग आधी झालेला आहे. १९९८ ते २०१३ या काळात अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणारी ‘बीसीएस’ नावाची पद्धत होती. सुरुवातीच्या वर्षांत तिच्या सूत्रात वेळापत्रकाचा स्वतंत्र रकाना होता. प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला दोन तृतीयांश आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला एक तृतीयांश वजन देऊन सगळ्या संघांची यादी लावायची, मग त्या यादीतल्या क्रमांकाला २५ ने भागायचं. आलेला आकडा बेरजेत धरायचा. बेरीज जितकी कमी तितका संघ वर. यात पहिली खोट अशी, की क्रमांकाचे गुण केल्यावर अंतरं बुजतात. यादीतल्या पहिल्या आणि पाचव्या वेळापत्रकात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि पन्नासाव्या-चोपन्नाव्यात काहीच नसू शकतो, पण सूत्राला दोन्ही सारखेच. दुसरी खोट अशी, की त्याच सूत्रात संगणकाच्या क्रमवाऱ्याही होत्या आणि त्यांनी वेळापत्रक आपल्या परीने आधीच धरलेलं होतं. एकाच गोष्टीची दोनदा पावती.

२००३ मध्ये हे अंगाशी आलं. सदर्न कॅलिफोर्निया, म्हणजे यूएससी, पत्रकार आणि प्रशिक्षक यांच्या दोन्ही मतदानांत पहिल्या क्रमांकावर होती. तरी सूत्राने अंतिम सामन्याला पाठवलं ओक्लाहोमा आणि एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ). दुसऱ्या क्रमांकावरची एलएसयू आणि तिसऱ्यावरची यूएससी यांच्यात फरक होता ०.१६ चा. २५ ने भागायचं म्हटल्यावर ०.१६ म्हणजे वेळापत्रकाच्या यादीतल्या फक्त चार जागा. आणि गंमत बघा, त्या शेवटच्या शनिवारी हवाई आणि नोटर डेम हे यूएससीने आधी हरवलेले दोन संघ तिसऱ्याच कुणाकडून हरले, त्यामुळे यूएससीचं वेळापत्रक आपोआप ‘सोपं’ झालं. ज्या सामन्यात आपण मैदानावरही नाही, त्याच्या निकालावर आपलं नशीब! त्या वर्षी एलएसयूने अंतिम सामना जिंकला, पत्रकारांच्या मतदानाने यूएससीला अव्वल ठरवलं आणि विजेतेपद दोघांत वाटलं गेलं. पुढच्याच वर्षी, २००४ ला, वेळापत्रकाचा स्वतंत्र रकाना सूत्रातून काढून टाकला.

आता सरासरीकडे येतो, कारण ‘यांचं शेड्यूल देशात अमुक क्रमांकाचं कठीण’ असं जे पडद्यावर झळकतं ते बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्यांची सरासरी असते. आणि सरासरी इथे चक्क फसवते. समजा एका वेळापत्रकात बाराही प्रतिस्पर्धी मध्यम आहेत. दुसऱ्यात तीन वाघ आणि नऊ लिंबूटिंबू. दोन्हींची सरासरी सारखीच. अव्वल संघ पहिल्या वेळापत्रकातला प्रत्येक सामना ९३ टक्के वेळा जिंकेल असं धरा, म्हणजे अपेक्षित विजय साधारण ११.२. दुसऱ्यात तीन सामने निम्मी-निम्मी संधी असलेले आणि नऊ जवळपास खिशातले, बेरीज १०.४. म्हणजे त्याला दुसरं वेळापत्रक जड. आता एखादा मध्यम संघ घ्या. पहिल्यात प्रत्येक सामना निम्म्या संधीचा, सहा विजय. दुसऱ्यात वाघांपुढे दहाच टक्के, पण लिंबूटिंबूंपुढे ८० टक्के, बेरीज साडेसात. त्याला दुसरंच सोपं! ‘वेळापत्रक किती कठीण’ या प्रश्नाला ‘कुणासाठी’ हे जोडल्याशिवाय अर्थच नाही.

माझ्या पद्धतीची सुरुवात इथूनच होते. प्लेऑफमध्ये बारा जागा असतील, तर आत-बाहेरच्या उंबरठ्यावर बसणारा, बाराव्या-तेराव्या योग्यतेचा एक काल्पनिक संघ मी मनात धरतो. त्याला मी ‘काठावरचा संघ’ म्हणतो. मग प्रत्येक खऱ्या संघाचं वेळापत्रक उचलून या काठावरच्या संघाला द्यायचं आणि विचारायचं, बाबा रे, तू यातले किती जिंकले असतेस? प्रत्यक्ष विजयांतून तो आकडा वजा केला की उरतं ते त्या संघाचं देणं-घेणं.

उदाहरण घेऊ. ‘क’ संघाच्या बारा सामन्यांपैकी दहा असे, की काठावरचा संघ ते शंभरात ९५ वेळा जिंकेल, आणि दोन असे की ८० वेळा. साडेनऊ अधिक १.६, म्हणजे ११.१ विजय अपेक्षित. ‘क’ने बाराच्या बारा जिंकले, तर त्याच्या खात्यात अधिक ०.९. ‘ख’च्या वेळापत्रकात ९५ टक्क्यांचे पाच, ७० टक्क्यांचे चार आणि ४५ टक्क्यांचे तीन सामने आहेत. ४.७५, २.८ आणि १.३५ मिळून ८.९. ‘ख’ने दहा जिंकले, दोन हरला, तर अधिक १.१. म्हणजे दोन पराभव पदरी असलेला ‘ख’ हा अपराजित ‘क’च्या किंचित पुढे. पण ‘ख’ तिसरा सामना हरला की खात्यात उरतात ०.१, आणि मग ‘क’शी तुलनाच संपली.

हेच दुसऱ्या अंगानेही तपासतो. काठावरच्या संघाला ‘क’चं वेळापत्रक शंभर वेळा खेळायला लावलं, तर सुमारे ३८ वेळा तो बाराही जिंकेल. ‘ख’चं वेळापत्रक दिलं, तर दहा किंवा जास्त विजय सुमारे ३४ वेळा. दोन्ही कामगिऱ्या जवळपास सारख्याच दुर्मीळ. असं असताना ‘अपराजित तो अपराजितच’ किंवा ‘सोपं शेड्यूल, सोडा त्यांना’ असं कुणी छातीठोक म्हणू लागलं, की मी चहा गरम करायला उठतो.

या हिशेबात एक गोष्ट लोकांना पचत नाही. वेळापत्रक तेच असेल, तर कुणाला हरवलं आणि कुणाकडून हरलो याने बेरजेत काही फरक पडत नाही. २०२४ ला अलाबामाने जॉर्जियाला ४१-३४ ने हरवलं आणि पुढच्याच आठवड्यात व्हँडरबिल्टकडून ३५-४० ने हरले. उलट झालं असतं, जॉर्जियाकडून हरून व्हँडरबिल्टला हरवलं असतं, तरी माझ्या वहीत आकडा तोच. ‘मोठा विजय’ आणि ‘लाजिरवाणा पराभव’ असे दोन ढीग करून वाद घालणारे इथे हिरमुसतात. पण कठीण सामना वेळापत्रकात असणं हेच श्रेय एकदा हिशेबात धरलं, तर तो जिंकल्याबद्दल वर आणखी बक्षीस कशाला?

आता तुमच्या मूळ जोडीकडे. इंडियानाचं वेळापत्रक हलकं होतं, यात वाद नाही. त्यांनी वेस्टर्न इलिनॉयला ७७-३ ने धुतलं, त्याचं माझ्या हिशेबात जवळजवळ शून्य मोल. एकमेव खरा डोंगर ओहायो स्टेट, आणि तिथे ते १५-३८ ने हरले. पण त्यांच्या वेळापत्रकात मिशिगन आणि वॉशिंग्टनही होते, म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते आणि उपविजेते! दोघंही २०२४ ला घसरले, यात इंडियानाचा काय दोष? दोष नाही, पण श्रेयही नाही. सामना होतो तो त्या वर्षीच्या मिशिगनशी, आदल्या वर्षीच्या ढालीशी नाही. अलाबामाचं वेळापत्रक निःसंशय कठीण होतं, पण त्यांचे दोन पराभव नियमित हंगाम ६-६ ने (सहा विजय, सहा पराभव) संपवणाऱ्या व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमाकडून आले. वर म्हटलं तसं, कुणाकडून हरले हे मी मोजत नाही. तीन हरले, एवढं पुरेसं आहे. काठावरचा संघही त्या वेळापत्रकात साधारण तीन हरला असता. म्हणजे अलाबामा बरोबर काठावर, इंडियाना काठाच्या आत. प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या समितीने इंडियानाला दहावं मानांकन दिलं आणि अलाबामाऐवजी एसएमयूला (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) घेतलं. इंडियानाबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. अलाबामा-एसएमयू हा मात्र नाणं उडवण्याइतका जवळचा मामला होता, तिथे कुणी छाती बडवू नये.

पहिल्या फेरीत इंडियाना नोटर डेमकडून १७-२७ ने हरलं, म्हणून ‘बघा, लायकी नव्हती’ अशी हाकाटी झाली. तो युक्तिवाद मला मंजूर नाही. तेच नोटर डेम पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि तेच नोटर डेम सप्टेंबरमध्ये स्वतःच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १४-१६ ने हरलं होतं. एका सामन्यावरून लायकी ठरवायची तर ती नोटर डेमची ठरवा आधी.

इथवर सगळं स्वच्छ वाटलं असेल. आता जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो.

सगळ्यात आधी हे ठरवावं लागतं, की क्रमवारी कशासाठी लावताय. उद्या कोण जिंकेल याचा अंदाज हवा, की आजवर कुणी काय कमावलं याचा हिशेब? २०२३ ला फ्लोरिडा स्टेट १३-० होती, आपल्या कॉन्फरन्सची विजेतीही. पण क्वार्टरबॅक, म्हणजे चाली रचून चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला आणि समितीने चार संघांच्या प्लेऑफमधून त्यांना वगळून १२-१ अलाबामाला घेतलं. अंदाजाच्या दृष्टीने निवड समर्थनीय असेल. कमाईच्या दृष्टीने मला ती आजही खुपते. ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने त्यांना ६३-३ ने चिरडलं खरं, पण तोवर त्यांचे कितीतरी खेळाडू संघाबाहेर होते. माझा कौल कमाईकडे आहे, कारण नाहीतर सामने खेळवायचेच कशाला. तुमचा कौल वेगळा असेल तर वेळापत्रकाचं महत्त्वही बदलेल.

दुसरी अडचण, प्रतिस्पर्धी किती तगडा हे ठरवायचं कसं? त्याची ताकद त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवरून, त्यांची आणखी कुणावरून, असं ते चक्र फिरतं. वेस्ली कॉली या खगोलशास्त्रज्ञाने बीसीएससाठी जी पद्धत दिली ती यात सगळ्यात देखणी. विजयातून पराभव वजा करून निम्मे घ्या, त्यात एक मिळवा, सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे गुणांक मिळवा आणि सामन्यांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागा. सगळ्या संघांची समीकरणं एकदम सोडवायची, की चक्र आपोआप थांबतं. पण तिच्यात गुणांचा फरक धरत नाहीत, ३ गुणांनी जिंकलं काय नि ४० ने जिंकलं काय, एकच. मी मधला मार्ग काढलाय. प्रतिस्पर्ध्याची ताकद ठरवताना गुणांचा फरक धरतो, तोही २४ पर्यंतच, आणि घरच्या मैदानाचे अडीच गुण वजा करतो. पण संघाला श्रेय देताना फक्त जय की पराजय. नाहीतर प्रशिक्षक शेवटच्या मिनिटालाही दुबळ्या संघावर गुण लादत बसतात.

या चक्रात आणखी एक मेख आहे. कॉन्फरन्समधल्या सामन्यांत एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच, बेरीज कायम निम्म्यावर. म्हणून एखादी कॉन्फरन्स दुसरीपेक्षा भारी आहे हे कळतं ते फक्त बाहेरच्या सामन्यांतून, आणि ते बहुतेक सप्टेंबरमध्ये उरकलेले असतात. नोव्हेंबरमध्ये ‘आमच्याकडे कुणीही कुणालाही हरवतं, बघा किती दर्जा’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, सगळेच सुमार असते तरी असंच दिसलं नसतं का?

माझी सगळ्यात मोठी फजिती २००७ ची. खालच्या विभागातल्या, म्हणजे एफसीएसच्या, शंभरावर संघांचा हिशेब कोण ठेवणार म्हणून मी त्या सगळ्यांना ‘लहान संघ’ या एकाच नावाखाली टाकलं होतं. साहजिकच हा ‘लहान संघ’ जवळपास प्रत्येक सामना हरायचा. १ सप्टेंबरला अॅपलॅचियन स्टेटने अॅन आर्बरला, मिशिगनच्याच मैदानावर जाऊन, मिशिगनला ३४-३२ ने हरवलं. रविवारी प्रोग्रॅम चालवला तर मिशिगन यादीच्या तळाला, अगदी शोधावं लागलं इतकं खाली! मला वाटलं आकडा भरताना उलटा भरला. तीनदा तपासला. आकडा बरोबर होता, मीच चुकलो होतो. अॅपलॅचियन स्टेट त्याआधीची दोन वर्षं सलग त्यांच्या विभागाची विजेती होती. वरच्या विभागातल्या बऱ्याच संघांना तिने पाणी पाजलं असतं. मिशिगनने हंगाम ९-४ ने संपवला. त्या डिसेंबरच्या सुटीत मी बसून एफसीएसचा एकेक संघ वेगळा भरला, बायकोने अजून ती सुटी माफ केलेली नाही.

आणि प्रतिस्पर्ध्याचा सामन्याच्या दिवशीचा क्रमांक कधीही धरू नका. १९८४ ला ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने पहिल्याच सामन्यात तिसऱ्या क्रमांकाच्या पिट्सबर्गला हरवलं म्हणून डंका पिटला गेला. ते पिट्सबर्ग हंगामाअखेर ३-७-१ (तीन विजय, सात पराभव, एक बरोबरी) झालं. ब्रिगहॅम यंग १३-० राहून राष्ट्रीय विजेतं ठरलं, शेवटचा सामना सहा विजय आणि पाच पराभव खात्यात असलेल्या मिशिगनशी. काठावरच्या संघाची कसोटी तेव्हा कुणी लावली असती तर त्या विजेतेपदावर बरीच चर्चा झाली असती.

शेवटचा मुद्दा, ‘कठीण वेळापत्रक घ्यायला कुणी अडवलं होतं?’ हा टोमणा. बाहेरच्या सामन्यांचे करार कित्येक वर्षं आधी होतात, कधी दशकभर आधी. आणि कॉन्फरन्सचे सामने संघ निवडतच नाही. इंडियानाच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये आता १८ संघ आहेत, कोण कुणाला भेटणार हे कार्यालयात ठरतं. म्हणून हलक्या वेळापत्रकाबद्दल मी कुणालाही शिक्षा करत नाही. हलक्या विजयाला हलकं श्रेय, इतकंच. समितीही हळूहळू याच वाटेने येतेय असं दिसतं. २०२५ च्या हंगामाआधी त्यांनी ‘रेकॉर्ड स्ट्रेंग्थ’ नावाचं एक माप आपल्या आकडेवारीत घेतलं, ते याच जातकुळीतलं. अलाबामाच्या एसईसी कॉन्फरन्सनेही २०२६ पासून आपसातले सामने आठऐवजी नऊ करायचं ठरवलंय, त्यामुळे तिसऱ्या पराभवावरची रडारड आणखी वाढणार, तयारीत राहा.

थोडक्यात, वेळापत्रकाला टक्के नकोत; प्रत्येक सामन्यात काठावरच्या संघाला किती संधी होती ते मांडा, बेरीज करा आणि प्रत्यक्ष विजयांतून वजा करा. हे तुम्ही साध्या एक्सेलमध्येही करू शकता. इंडियानाचे बारा सामने एका रकान्यात लिहा, शेजारी तुमच्या अंदाजाने संधी भरा. एखाद्या सामन्यात पाच-दहा टक्के इकडेतिकडे झाले तरी बेरीज फारशी हलत नाही. तीच गोष्ट अलाबामासाठी करा. फक्त ऑक्टोबरचा मध्य उलटेपर्यंत वही उघडू नका. त्याआधी संघ एकमेकांना पुरेसे जोडलेलेच नसतात, आणि सप्टेंबरमधल्या आकड्यांवरून मुलीशी फोनवर भांडलात तर हरणार तुम्हीच.